मुलुंड सोळा, बोरीवली सतरा

मुलुंडहून बोरीवलीला जाणं म्हणजे काही काशीयात्रा नव्हे, हे मला ठाऊक आहे. लोक कुठले कुठले देश बघून येतात आणि मग लिहितात. मी आपली डोंगराच्या ह्या अंगाहून त्या अंगाला गेले आणि संध्याकाळी परत आले. पण बहात्तराव्या वर्षी हातात पिशवी घेऊन एकटी निघाले, वाटेत अडकले, नको तिथे उतरले, पोटभर जेवले आणि जे बोलायला गेले होते ते अर्धंच बोलून आले. एवढं सगळं ज्यात झालं त्याला प्रवास म्हणायला हरकत नसावी.

आधी कुंदाचं सांगते, कारण तिच्यावाचून ह्या प्रवासाला काही अर्थ नाही. कुंदा आणि मी घाटकोपरच्या एकाच चाळीतल्या. सातवीनंतर दोघींची शाळा सुटली, लग्नंही एकाच वर्षी झाली. ती पडली बोरीवलीला, मी मुलुंडला. मध्ये नॅशनल पार्कचा डोंगर. तेव्हापासून आमची जुंपली ती जुंपलीच. मी म्हणायचे, आमचे रस्ते बघ कसे सरळ, दोन्ही बाजूंना झाडं. ती म्हणायची, आणि कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो तो कोण सांगणार? मी म्हणायचे, तुमच्याकडे बिबट्या सोसायटीत शिरतो. ती म्हणायची, शिरतो ना, तोसुद्धा चांगली वस्ती बघूनच शिरतो!

सगळ्यात मोठं भांडण थंडीचं. दोघींना वाटायचं, खरी गुलाबी थंडी आपल्याच बाजूला पडते. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला दोघी माहेरी आलो होतो, तेव्हा ह्यावरून इतका आवाज चढला की माझ्या आईने कान धरले. वडील उठले आणि स्टेशनाजवळच्या एका दुकानातून लाकडी पट्टीवरचे दोन थर्मामीटर घेऊन आले. एकाच खोक्यातले, एकसारखे. आईने नियम घातला. भोगीच्या दिवशी सकाळी सहा वाजता दोघींनी आपापल्या खिडकीत बघायचं. जिच्याकडे थंडी कमी, ती हरली. हरलेलीने संक्रांतीला तिळगूळ घेऊन जिंकलेलीच्या घरी जायचं.

ते दिवस आणि आजचा दिवस. सुरुवातीला शेजाऱ्यांच्या फोनवर, मग घरच्या फोनवर, मग मोबाइलवर, एकही भोगी चुकली नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण बहुतेक वेळा मीच जिंकले. एका डिग्रीनेच, पण जिंकले. मुलुंड सोळा, बोरीवली सतरा. मुलुंड पंधरा, बोरीवली सोळा. कुंदा बिचारी दर संक्रांतीला डबा घेऊन हजर. मी तीनदा हरले. त्यातलं एकदा ह्यांच्याबरोबर जाऊन तासाभरात परतले, आणि दोनदा पाय मुरगळल्याचं सांगून तिलाच बोलावून घेतलं. तिचे यजमान वारले तेव्हा मी गेले होते, पण तेव्हा गाव कोण बघतं? ज्या बोरीवलीला मी अख्खं आयुष्य नावं ठेवली, ती मी धड पाहिलीच नव्हती.

आता मुख्य गोष्ट. यजमान गेल्यावर कुंदा तिसऱ्या मजल्यावर एकटी राहिली. लिफ्ट नाही, गुडघे दुखरे, मुलगा नाशिकला. चार वर्षांपूर्वी आमच्या समोरच्या बिल्डिंगीत तळमजल्यावरचं एक खोली-स्वयंपाकघर विकायला निघालं. मीच फोन केला. ती आली, घर बघितलं, खिडकीच्या कट्ट्यावर जरा टेकली आणि म्हणाली, "इथे दूधवाला किती वाजता येतो गं?" बाईने दुधाची वेळ विचारली म्हणजे मनाने ती राहायला आलीच समजा. मला इतका आनंद झाला की घरमालकाला विचारून मी त्या खिडकीच्या चौकटीला बाहेरच्या बाजूने खिळासुद्धा मारून घेतला, तिच्या थर्मामीटरसाठी.

आणि त्याच संध्याकाळी, सोसायटीच्या बाकावर सात-आठ बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मी काय बोलले? "बघा गं बायांनो, बोरीवलीचा झेंडा उतरला! इतकी वर्षं तोरा मिरवला आणि म्हातारपणी आली शेवटी मुलुंडच्या पायाशी!" सगळ्या हसल्या. कुंदाही हसली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "नको गं, मुलगा नको म्हणतोय." मी ते खरं मानलं. खरं मानलं असं म्हणते, पण आतून कळत होतं. कळत होतं म्हणूनच तर पुन्हा कधी विचारलं नाही.

ह्या वर्षी संक्रांतीच्या दहा दिवस आधी तिने सांगितलं, "प्रभे, घर दिलं. संक्रांतीनंतरच्या शनिवारी टेम्पो येतोय. नाशिकला चालले कायमची."

भोगीला सकाळी सहाला मी खिडकीत गेले. माझा थर्मामीटर सोळा दाखवत होता. मी ठरवलंच होतं, ह्या वेळी हरायचं. फोन लावला. नेहमीसारखी ती म्हणाली, "तू सांग आधी."

"वीस," मी ठोकून दिलं.

ती म्हणाली, "आमच्याकडे एकवीस."

"काय सांगतेस? जंगलाच्या कडेला एकवीस? डोळे तपासून घे!"

"एकवीस म्हणजे एकवीस. तू जिंकलीस. येते मी उद्या."

"गुडघे घेऊन कुठे येतेस? बांधाबांध कर. मीच येते."

"अगं, नियम मोडतेस?"

"मोडते," मी म्हटलं.

संक्रांतीला सकाळी साडेआठला निघाले. पिशवीत तिळाचे लाडू, सहा गुळपोळ्या आणि मनात एक वाक्य. ते मी रात्रभर घोटलं होतं. 'कुंदे, त्या दिवशी बाकावर मी बोलले ते चुकलं.' बस, एवढंच. सून म्हणाली, "आई, गाडी बोलावते." मी म्हटलं बसनेच जाते, वाक्य पाठ करायला वेळ मिळेल.

मुलुंडच्या चेकनाक्यावरून बस मिळाली आणि देवाच्या कृपेने डावीकडची खिडकीही. ठाण्यावर मी काही बोलणार नाही. त्यांचं आणि मुलुंडचं भांडण वेगळं आहे. पण बस घोडबंदर रस्त्याला लागली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. डोंगर डाव्या हाताला होता तो डाव्याच हाताला राहिला. मुलुंडला डावीकडे, मानपाड्याला डावीकडे, कासारवडवलीलाही डावीकडे. आपण देवाला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतो. मी उलटी निघाले होते.

माझ्या बाजूला एक तरुण मुलगी बसली होती. बोरीवलीच्या कुठल्याशा दवाखान्यात नर्स, ठाण्याहून रोज जाऊन येऊन करणारी. आकाशात पतंग होते, ती ते बघत होती. मी डोंगराकडे टक लावलेली पाहून म्हणाली, "आजी, ह्याच्या पोटातून बोगदा होतोय. झाला ना की ठाणे-बोरीवली अर्धा तासही लागणार नाही म्हणे. एकदम झकास."

"कधी होईल?"

"होईल की दोन-चार वर्षांत."

मी म्हटलं, "मला आज हवा होता गं."

ती हसली. तिला वाटलं म्हातारी घाईत आहे.

गायमुखच्या चढावर बस थांबली ती थांबलीच. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता. उजवीकडे खाली खाडीचं पाणी, ऊन पडून पत्र्यासारखं चमकत होतं, आणि काठाला तीन-चार होड्या बांधलेल्या. पाऊण तास झाला. लोक खाली उतरून पाय मोकळे करू लागले. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून स्वस्थ. तेवढ्यात एक कोळीण रिकामी पाटी घेऊन चढली आणि माझ्यासमोर धपकन बसली. अंगावर फुलाफुलांचं लुगडं, नाकात भली मोठी नथ, सकाळचा धंदा आटपून घरी निघालेली. पिशवीकडे बघून म्हणाली, "काय गो बाय, तिलगूल घेऊन कुठं चाललीस?"

वेळ होता, मी सगळं सांगितलं. थर्मामीटर, भोगी, सोळा-सतरा. तिने पाटीवर हात आपटला.

"आन् थंडी मोजता? खिडकीत हुभ्या राहून? पहाटे बरफ फोरताना हाताला लागते ना, ती थंडी! तुमची कसली थंडी, तुमचा नुसता गारवा!"

अख्खी बस हसली, ड्रायव्हरने डोकं वर केलं. मी तिला एक लाडू दिला. तिने तो तोंडात टाकला आणि विचारलं, "मंग हरलेली कोन? तू?"

"नाही, मी जिंकलेली."

"जिंकलेली नं तूच चाललीस?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मंग तुझं कायतरी चुकलेलं हाय."

ट्रक हलला, बस हलली. काशिमीऱ्याला ती उतरली तेव्हा खिडकीवर थाप मारून गेली.

पुढे बस वळली, दहिसर आलं, आणि डोंगर अजून डावीकडेच. तोच डोंगर. फक्त आता मी त्याची पाठ बघत होते. का पोट, कोण जाणे. मुलुंडवाल्यांना वाटतं आपल्याकडे त्याचं तोंड आहे. त्या विचारात नॅशनल पार्कचं फाटक दिसलं आणि मी घाईघाईत उतरले. कुंदाने स्टेशनाजवळ उतर म्हणून दहा वेळा बजावलं होतं. पण तिच्या तोंडी इतकी वर्षं नॅशनल पार्क, नॅशनल पार्क ऐकलेलं, मला वाटलं घर फाटकासमोरच असणार. हायवेवर भर उन्हात मी एकटी, पिशवी घेऊन. कुठला पूर्व आणि कुठला पश्चिम, काही कळेना. वाट लागली म्हणतात ती ही.

पूल ओलांडून, विचारत विचारत चालले. रस्ता पतंगांच्या दुकानांनी भरलेला, मांज्याच्या चरख्या, हेल्मेटला तुरे लावलेले मोटरसायकलवाले. एका फरसाणवाल्याकडे ही एवढी रांग. उंधियूची (सुरती पापडी, कंद, छोटी वांगी घालून तेलात मुरवलेली, संक्रांतीला खायची भाजी). पत्ता विचारला तर गुजराती मालक म्हणाला, "माजी, कुठून आला?"

"मुलुंडहून."

"मुलुंड सरस छे. माझी बेन तिथेच राहते." मग तराजूवरून मान वर न करता, "पण उंधियू इथूनच घेऊन जाते."

मला राग यायला हवा होता. आला नाही. रांगेत उभी राहून मी अर्धा किलो घेतला आणि त्याने सांगितलेल्या गल्लीत वळले. झाडं होती. रस्ता सरळ होता. सावलीत गारवा होता, आणि तो गारवा मला मुळीच आवडायला नको होता.

तीन मजले चढले, प्रत्येक मजल्यावर थांबत. ह्याच जिन्यावरून कुंदा दर संक्रांतीला डबा घेऊन उतरायची आणि संध्याकाळी परत चढायची, हे त्या दिवशी माझ्या गुडघ्यांना कळलं.

दार उघडंच होतं. ती खोक्यांच्या मधोमध स्टुलावर बसली होती.

"अगं ए प्रभे, बाराला येणार होतीस, दोन वाजले! बोरीवली सापडेना का? एवढं मोठं गाव!"

"गाव सापडलं. तुझा पत्ता खोटा."

"पत्ता खोटा नाही, तू उलट्या खोपडीची. ये, बस. खुर्ची नाही, बांधली. त्या खोक्यावर बस, त्यात गाद्याच आहेत."

उंधियू बघून ती खूश. तिनेही त्याच दुकानातून आणून ठेवला होता. म्हणजे दोघींपुढे एक किलो. कागदी ताटल्यांत उंधियू आणि गुळपोळी, असं कधी कुणी जेवलं नसेल. पहिला घास घेतला आणि मी म्हटलं, "मान्य."

"काय मान्य?"

"आमच्याकडे असा मिळत नाही."

कुंदाचा हात ताटलीवरच थांबला. "लिहून देशील?"

"देईन."

"आता कशाला? आता मी नाशिकची."

मी धीर केला. म्हटलं, "कुंदे, त्या दिवशी बाकावर..."

"गार होतंय, जेव आधी," ती म्हणाली. आणि माझं वाक्य तिथेच राहिलं.

जेवण झाल्यावर हात धुवायला उठले तर खिडकी दिसली. पलीकडे बिल्डिंगींच्या फटीतून हिरवा डोंगर. आणि चौकटीला नुसता खिळा. गंजलेला, भोवती पट्टीएवढी पांढरी खूण. खोक्यात गेला असेल म्हणावं, तर खिळ्याला कोळ्याचं जुनं जाळं लागलेलं.

"कुंदे, थर्मामीटर कुठाय?"

ती कागदी ताटल्या गोळा करायला लागली.

"काल सकाळी एकवीस कुठून आणलंस?"

"तू वीस म्हणालीस," ती म्हणाली, "त्यात एक मिळवलं."

"आणि गेल्या वर्षी?"

"तेव्हाही एकच. चार वर्षं तो कपाटात आहे गं. तुझ्याकडून घर बघून आले, त्या दिवशी काढून ठेवला. म्हटलं, पुरे झालं मोजणं."

"मग सरळ सांगायचंस ना! खोटं बोलून हरायचं कशाला?"

कुंदा पदराला हात पुसत होती. पुसून झाले तरी पुसत राहिली. "जिंकले असते तर तुला यावं लागलं असतं. तू काही आली नसतीस. मग निदान मी तरी यायला नको?"

मी खोक्यावर बसले. नाशिकच्या गाद्यांवर.

"मुलगा नको म्हणाला होता ना घराला?" मी विचारलं. चार वर्षांपूर्वी विचारायचं ते आता.

"मुलगा तर उड्या मारत होता. मीच नको म्हटलं." तिचा आवाज साधाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "रोज संध्याकाळी त्या बाकावर बसायचं होतं ना मला. त्या बायकांत. त्यांना मी कोण? मुलुंडच्या पायाशी आलेली ती."

"अगं, मी मस्करी करत होते."

"माहीतेय की. म्हणून तर हसले."

माझं घोटलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं, पण ते आता फारच छोटं वाटायला लागलं. चिमूटभर साखर घेऊन कुणाच्या कार्याला गेल्यासारखं. मी फक्त तिचा गुडघा दाबत बसले. तिनेही पाय काढून घेतला नाही. शेवटी एकदाचं विचारलं, "अजून ये ना. ते घर गेलं तर गेलं, दुसरं बघते."

"बयो, टेम्पो ठरलाय. सुनेने तिकडे खोली रंगवली." मग हसून, "आणि नाशिकला नऊ-दहापर्यंत उतरतं म्हणे. तुम्ही दोन्ही गावं आता बसा बोंबलत!"

निघताना तिने कपाटातून जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेला थर्मामीटर काढून माझ्या पिशवीत घातला. "तिकडे नको मला. तुझ्याजवळ ठेव." जिन्याच्या तोंडाशी म्हणाली, "राहा म्हटलं असतं गं आज. पण गाद्या बांधून झाल्यात."

"तिळगूळ घे," मी म्हटलं. द्यायचा राहूनच गेला होता. तिने लाडू घेतला. पुढचं, गोड बोलायचं ते, दोघीही म्हणालो नाही.

परतीची बस चारला मिळाली. गायमुखला ह्या वेळी कुणी अडवलं नाही. डोंगर आता उजव्या हाताला होता, नियमाप्रमाणे. पण अर्धीच प्रदक्षिणा झाली आणि चेकनाका आला.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत. सकाळी सहाला जाग आली ती सवयीने. मी कुंदाचा थर्मामीटर काढला, पुसला आणि माझ्या खिडकीत माझ्या थर्मामीटरशेजारी दोरीने टांगला. चहा घेऊन अर्ध्या तासाने बघितलं. माझा सोळा दाखवत होता. तिचा अठरा.

मला वाटलं घरातली ऊब लागली असेल. जागा बदलली, डावीकडचा उजवीकडे केला, परत वाट पाहिली. माझा सोळा, तिचा अठरा. एकाच खिडकीत, एकाच हवेत. एका खोक्यातले, एकसारखे म्हणून वडिलांनी आणलेले. तिचा पहिल्यापासून दोन डिग्री जास्तच सांगत आला असणार. म्हणजे ज्या ज्या वर्षी मी एका डिग्रीने जिंकले, त्या त्या वर्षी थंडी खरी बोरीवलीलाच जास्त होती. तिळगुळाचा डबा घेऊन मीच जायला हवं होतं. दर वर्षी, ते तीन मजले चढून, गुडघे धड होते तेव्हा.

मी लगेच फोन केला. सगळं सांगितलं.

"म्हणजे मी जिंकत होते?"

"जवळजवळ दर वर्षी."

"आणि एवढ्या खेपा उगाच घातल्या म्हण की!" आणि ती हसत सुटली. खूप हसली, खोकला येईपर्यंत. मीही हसले. त्या बाकावर ती जशी हसली होती, तशी.

दोन्ही थर्मामीटर मी काढलेले नाहीत. तिथे उभं राहिलं की समोरची तळमजल्याची खोली दिसते. आता तिथे एक नवराबायको राहतात, चांगली आहेत माणसं. खिडकीच्या चौकटीला मी मारून घेतलेला खिळा तसाच आहे. त्याला ते दुधाची पिशवी अडकवतात. दूधवाला सहाला येतो.